आबांचं तोंड धुणं

आबा पाळीवरून घरी आले की त्यांच्या बोलण्याआधी त्यांच्या तोंड धुण्याचा आवाज यायचा. सुरतेतल्या नवागामच्या आमच्या खोलीला एक दार गल्लीत उघडायचं आणि एक मागच्या बोळात. आबा कायम बोळातून येत. तिथल्या नळाशी सदरा काढत, कमरेला पंचा गुंडाळत आणि उकिडवे बसत. मग प्लास्टिकच्या कॅनमधला पिवळसर पातळ साबण तळहातावर ओतून त्यावर चिमूटभर पांढरी पावडर टाकत, आणि काथ्याच्या गुंडाळीनं कपाळ, गाल, मान, कानाच्या पाळ्या घासायला लागत. तो आवाज जळकी कढई घासल्यासारखा होता. आत माय भाकरी थापत असायची. घासण्याचा आवाज थांबला की ती तव्यावरची भाकरी उलटायची, कारण आता ते ताटावर येणार हे तिला कळायचं. आमच्या घराचं घड्याळ म्हणजे तो आवाज होता आणि मला लहानपणी तो आवडायचा, हे लिहिताना आज जड जातं.

आबा पलसाण्याच्या एका प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या मिलमध्ये, जेट मशीन चालवत. कोरं कापड आत जाई आणि रंगीत होऊन बाहेर येई. तो कॅनमधला साबण मिलचाच होता. कोऱ्या कापडाचं तेल आणि खळ काढण्यासाठी तो वापरत आणि त्यात सोडा आधीच मिसळलेला असे. पावडरीला सगळे ‘हायड्रो’ म्हणत. ती रंग मारते. रंगखात्यातले सगळेच कामगार हातांवरचे डाग हायड्रोनं काढत, पण तोंडाला लावणारे आबा एकटेच होते. त्यालाही कारण होतं. सुरतला आल्यावर पहिल्यांदाच ते पारोळ्याकडच्या आमच्या गावी एका लग्नाला गेले, तेव्हा त्यांच्या कानांत हिरवा रंग राहिला होता. पंगतीत कोणीतरी त्यांना पोपट म्हणालं आणि लग्न संपेपर्यंत ते नाव सुटलं नाही. त्यानंतर आबांनी अंगावरचा रंग कोणाला दिसू दिला नाही. गावात कोणी विचारलं तर ‘कापडाच्या कंपनीत शे’ एवढंच सांगत. आमच्या घरी अहिराणी बोलत. इथे मी ती बरीचशी पुसून लिहितो आहे, पण मायचं एक वाक्य तसंच ठेवतो, कारण ते ती गल्लीतल्या प्रत्येक बाईला ऐकवायची. “आमना घरमा रंगखाताना माणूस शे, पन आंगवर टिपका दखाडा.” डाग दाखवा, असं ती आव्हानच द्यायची. आम्हाला त्याचा अभिमान होता. गल्लीत रंगखात्यातली बरीच माणसं होती, कोणाची मान जांभळी, कोणाची नखं लाल. आमचे आबा मात्र स्वच्छ.

कॉलेज अर्धवट सोडून मी त्याच मिलच्या लॅबमध्ये लागलो तो आबांनी रंगखात्याच्या मास्तरांना गळ घातली म्हणून. लॅब वरच्या मजल्यावर होती. तिथे एसी होता, काचेची भांडी होती, हातमोजे होते. खाली वाफेत आबा आणि वर थंड हवेत मी. खालून रंगलेल्या कापडाचा तुकडा वर यायचा, मी तो नमुन्याशी ताडून बघायचो, आणि शेड जुळली नाही तर चिठ्ठीवर लिहायचो, की अजून इतका निळा टाका. ती चिठ्ठी कधी कधी आबांच्याच मशीनवर जायची. म्हणजे पुन्हा झाकण उघडायचं, पुन्हा वाफ तोंडावर, पुन्हा रंग. चिठ्ठी बरोबरच असायची, त्यात चूक काही नव्हती. तरी आजही मी लॅबचा प्रमुख म्हणून सही करतो तेव्हा खाली कोणाच्या तोंडावर वाफ येणार आहे हा विचार येऊन हात थोडा थांबतो.

शोभाताई माझ्यापेक्षा मोठी. तिनं उधन्यात एका गुजराती बेनकडे पार्लरचं काम शिकून घेतलं होतं आणि आमच्या पुढच्या खोलीत पडदा लावून स्वतःचं पार्लर सुरू केलं होतं. एक खुर्ची, एक आरसा, आणि फळीवर फेसवॉशच्या ट्यूबा. काही विकत घेतलेल्या, काही माल विकायला येणारे नमुना म्हणून ठेवून जात. गिऱ्हाईक म्हणजे लूमवर काम करणाऱ्यांच्या बायका-मुली. त्यांना फेस भरपूर हवा असायचा आणि धुतल्यावर गालावरून बोट फिरवलं की चर्र वाजायला हवं असायचं. ताईला ते पटत नसे. कुठल्या ट्यूबनं कातडी आवळते, कुठलीनं नुसतं गार वाटतं, कुठलीनं संध्याकाळी गालावर कोंडा दिसतो, हे तिला बोटांनी कळायचं. का, ते मात्र सांगता यायचं नाही, आणि त्याची तिला चीड होती.

ताईचं लग्न ठरलं त्या हिवाळ्यात आबांचं तोंड बिघडलं. आधी गालांवर लाल चट्टे आले, मग कपाळाची सालं निघायला लागली, ओठांच्या कोपऱ्यांत चिरा पडल्या. शेवभाजीचा रस्सा ओठाला लागला की ते डोळे मिटून घेत. मायनं एक दिवस भाजी अगदी फिकी केली. आबांनी ताट सरकवलं आणि मी काय आजारी आहे का, असं विचारून बाहेर जाऊन बसले. उधन्याच्या डॉक्टरनं मलम दिलं आणि रंगखातं सोडा म्हणून सांगितलं. आबा मलम लावत, आणि दुसऱ्या दिवशी बोळात बसून तेच मलम साबणानं आणि हायड्रोनं घासून काढत. नवल म्हणजे इतकं घासूनही आता रंग जात नव्हता. पूर्वी एकदा धुतलं की निघणारा निळा आता सालपटांच्या खाली जाऊन बसला होता. गळ्याशी, भुवयांत, कानामागे. मग ते आणखी घासायचे.

एका संध्याकाळी जेवता जेवता आबा मायला म्हणाले, गावाकडे नानाला निरोप पाठव. नाना म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. “कन्यादान नानाले करू दे. मी मांडवमा बसणार नही. असं तोंड लिसन काय बसू?”

ताई वाढत होती. तिनं भाकरी आबांच्या ताटात ठेवली, पदराला हात पुसला आणि म्हणाली, “मग मीबी बसत नही.”

आबांनी तिला दटावलं. लग्न काय खेळ आहे का, लोक काय म्हणतील, असं बरंच काही. ती ऐकून घेऊन पुन्हा तेच म्हणाली, आवाज न चढवता. आमच्या घरात आबांसमोर असं कोणी बोललेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. मला भीती वाटली, आणि अभिमानही वाटला.

पुढच्या रविवारी आबा कोणाकडे तरी गेले असताना ताईनं मला पुढच्या खोलीत बोलावलं आणि फळीवरच्या सगळ्या ट्यूबा खाली मांडल्या. आंघोळीचा साबण, मायचं बेसन आणि बोळातला तो कॅनही आणून ठेवला. “तुले लॅबवाला म्हणतस ना? मग सांग, यामा काय शे?”

मी लॅबमधून रंग बदलणाऱ्या कागदाच्या पट्ट्या आणल्या होत्या. रंगाचं पाणी किती आंबट, किती सोड्याचं हे आम्ही त्यानं बघतो; पट्टी निळी झाली तर सोडा, पिवळी राहिली तर आंबट. घरातल्या वाट्यांत प्रत्येक गोष्ट थोड्या पाण्यात कालवली आणि पट्ट्या बुडवल्या. मिलच्या साबणात पट्टी गर्द निळी, जवळजवळ जांभळी झाली. आंघोळीच्या साबणात निळसर हिरवी. फेस भरपूर येणाऱ्या ट्यूबेत हिरवट. आणि एक जवळजवळ फेस न येणारी, पाण्यासारखी दिसणारी, गिऱ्हाइकांना मुळीच न आवडणारी ट्यूब होती, तिच्यात पट्टी पिवळीच राहिली. कातडी स्वतः किंचित आंबट असते, हे मी कॉलेजात कधीतरी वाचलं होतं. मिलमध्ये सोड्यात धुतलेलं कापड आम्ही आधी अॅसिड मारून ताळ्यावर आणतो, मगच पुढे नेतो. आबांच्या तोंडाला सोडा रोज मिळत होता, ताळ्यावर आणणारं काहीच नव्हतं.

मग आम्ही ट्यूबांच्या पाठी वाचायला लागलो. मुंग्यांएवढी अक्षरं, काहींवर तर अर्धीच नावं. जे जास्त असतं त्याचं नाव आधी लिहितात, एवढं मला ठाऊक होतं. फेसाच्या ट्यूबेवर पाण्यानंतर लगेच सोडियम लॉरिल सल्फेट. ते नाव वाचून मी थबकलो, कारण लॅबच्या बाहेर ठेवलेल्या साबणाच्या पिंपावर मी ते रोज वाचत होतो. तेल ओढून काढण्यात ते पक्कं. कापडावरचं काढतं तसं गालावरचंही, हवं-नको न बघता. दुसऱ्या ट्यूबेवर लॉरेथ सल्फेट होतं, त्याचाच जरा मवाळ भाऊ. मुरुमांच्या ट्यूबेत सॅलिसिलिक अॅसिड, ते छिद्रांत उतरून साचलेलं तेल मोकळं करतं. तेलकट मुलींना चांगलं, सोललेल्या गालाला आग. हिरव्या ट्यूबेत मेंथॉल. “म्हणजे नुसतं गार वाटस, धोवात काही नही,” ताई म्हणाली. तिला ते बोटांनी आधीच माहीत होतं. दाणेदार ट्यूबेत अक्रोडाच्या कवचाचा चुरा. तो तिनं आबांच्या काथ्याशेजारी ठेवून दिला. आणि त्या नावडत्या पाणचट ट्यूबेत नारळाच्या तेलापासून केलेलं एक लांबलचक नावाचं द्रव्य, कोकामिडोप्रोपिल बीटेन, आणि त्याच्या मागोमाग ग्लिसरीन. पहिलं मळ सोडवतं पण हात आखडता ठेवतं, दुसरं पाणी धरून ठेवतं. ताईनं मला ते नाव दोनदा म्हणायला लावलं आणि मग स्वतः घडाघडा म्हणून दाखवलं.

त्यानंतर तिनं जे केलं ते मी केलं नसतं. लग्न तोंडावर आलेली मुलगी ती. तिनं उजवा गाल फेसाच्या ट्यूबेनं आणि डावा पाणचट ट्यूबेनं धुवायला सुरुवात केली, आणि आठवडाभर रोज मला आरशासमोर बोलावून दोन्ही गाल दाखवत राहिली. मायला कळलं तेव्हा ती कपाळावर हात मारून म्हणाली, की दुनियेच्या नवऱ्या हिच्याकडे तोंड उजळायला येतात आणि ही लग्नाआधी स्वतःचं तोंड बिघडवून घेते आहे. उजव्या गालावर खरोखरच कोंडा आला. डावा मऊ राहिला. आज माझ्या मुलीच्या बाथरूममध्ये अर्धा डझन ट्यूबा असतात आणि मी चष्मा लावून त्यांच्या पाठी वाचत उभा राहिलो की ती हसते. तिला मी हे सांगितलेलं नाही, की तिच्या आत्यानं एकेकाळी नुसती नावं वाचून न थांबता, स्वतःचा गाल देऊन उत्तर काढलं होतं.

राहिले आबा. ताईनं एका संध्याकाळी ते बोळात बसायच्या आधीच त्यांना घरात बोलावलं आणि ट्यूब पुढे केली. आबांनी ट्यूब हातात घेतली, उलटसुलट बघितली, वास घेतला आणि परत दिली. “मी काय बाई शे का?” मग मी पट्ट्या काढल्या, वाट्या मांडल्या, सोडा आणि आंबटपणा समजावायला लागलो. मी तेव्हा फार बोलायचो. आबा ऐकत होते ते मास्तरांचं ऐकावं तसं, मान हलवत आणि मनात काही न घेता. मध्येच म्हणाले, फेस येत नाही त्याला साबण कसं म्हणायचं. तुझ्या ट्यूबेनं रंग जाईल का, ते सांग. मी म्हणालो, लगेच नाही जाणार. म्हणजे तो विषय तिथेच संपला. ते उठले.

ताई म्हणाली, “आबा, हात द्या.”

तिनं पाण्याच्या तांब्यात बोट बुडवलं आणि आबांच्या मनगटावर एक थेंब सोडला. मनगटापर्यंत ते रोज घासतच. दुसरा थेंब तिनं शेजारी बसलेल्या मायच्या मनगटावर सोडला. मायच्या हातावर थेंब गोल उभा राहिला, मण्यासारखा. आबांच्या हातावर तो टेकताच पसरला आणि दिसेनासा झाला.

मिलमध्ये कोरं कापड धुवून निघालं, की ते रंगाला तयार आहे का हे बघायला आम्ही त्यावर पाण्याचा थेंब टाकतो. थेंब उभा राहिला तर कापड अजून कच्चं आहे, रंग घेणार नाही. थेंब लगेच पिऊन टाकला तर माल तयार. आबांनी आयुष्यभर हे केलं होतं आणि जेवताना आम्हाला हजार वेळा सांगितलं होतं. ताईनं ते ऐकताना मनात ठेवलं होतं, मी ऐकून सोडून दिलं होतं.

आबा आपल्या मनगटाकडे बघत राहिले. मग त्यांनी स्वतः तांब्यात बोट घालून एक थेंब कपाळावर ठेवला. त्यांना दिसणार नव्हता, म्हणून त्यांनी मायकडे बघितलं. माय हलकेच म्हणाली, “पी गयं.”

“म्हणजे मी रोज तोंड रंगाले तयार करी राहिनू,” आबा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. शेडमधली चूक सापडल्यावर बोलतात तसं बोलले.

उपाय सरळ होता आणि आबांसाठी त्याहून अवघड काही नव्हतं. साबण, हायड्रो, काथ्या सगळं बंद. पाळीवर जाण्याआधी तोंडाला खोबरेल तेलाचा पातळ हात, म्हणजे रंग बसायला जागाच मिळू नये. पाळीनंतर ती पाणचट ट्यूब, हलक्या हातानं, आणि वरून ग्लिसरीन. कातडी आपलं तेल परत धरीपर्यंत रंग तोंडावर राहणार. लग्नात स्वच्छ दिसायचं तर तोवर रोज गल्लीतून रंगलेल्या तोंडानं यायचं. मी हे सांगितलं आणि खाली बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी मिलची गाडी आली तेव्हा मी दारात उभा होतो. आबा मागच्या बोळाकडे वळले नाहीत. गल्लीतून आले. कपाळावर निळा, गालांच्या चट्ट्यांत गर्द निळा, भुवया जवळजवळ काळ्या. समोरचा रघुनाथ, जो त्यांच्याच खात्यात होता आणि ज्याला जीभ आवरता येत नसे, ओट्यावरून म्हणाला, “काय आबा, होयी खेळीसन उनात का?” दोन-चार माणसं हसली. आबा चालता चालता म्हणाले, की हो, होळी खेळूनच आलो, आणि तू रंगवायचा शिल्लक राहिला आहेस. मग लोक रघुनाथला हसले. माय दारात येऊन उभी राहिली होती. जिनं आयुष्यभर गल्लीला डाग दाखवायचं आव्हान दिलं, तिनं त्या निळ्या माणसाच्या हातातला डबा घेतला आणि सगळ्यांच्या देखत त्यांच्या मागोमाग आत गेली.

ते दिवस सोपे नव्हते. आबा दोनदा कॅन शोधायला लागले आणि दोन्ही वेळा ताईनं तो लपवलेला निघाला. पण सालं निघायची थांबली. ओठांच्या चिरा मिटल्या आणि मायनं एके दिवशी न विचारता ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर झणझणीत शेवभाजी केली. आबांनी दोन वाट्या रस्सा घेतला. तेल लावलेल्या तोंडावर रंग कमी बसायला लागला, बसला तो दोन-तीन दिवसांत आपोआप उतरायला लागला. मग एका रविवारी ताईनं त्यांना खुर्चीत बसवलं, बायकांच्या त्या खुर्चीत, आणि मनगटावर थेंब सोडला. तो थरथरला, पण उभा राहिला. रघुनाथ पडद्यातून डोकावून हे बघत होता. पुढच्या आठवड्यात तो बायकोला ट्यूब आणायला पाठवू लागला आणि कोणासाठी विचारलं तर ‘घरवालीसाठी’ म्हणायला लागला. हळूहळू रंगखात्यातल्या कितीतरी जणांच्या बायका अशाच नवऱ्यांच्या ‘घरवालीसाठी’ तीच नावडती ट्यूब घेऊन जायला लागल्या. लोक याचं श्रेय मला देतात, लॅबवाला म्हणून. मी प्रत्येक वेळी दुरुस्त करतो.

लग्न गावात झालं. आबांनी कन्यादान केलं. तोंड सावळं, साधं, थोडं चमकणारं. कोणी त्यांच्या तोंडाकडे बघितलंसुद्धा नाही, आणि आम्हाला हेच हवं होतं. जेवणं झाल्यावर ते व्याह्यांबरोबर मांडवाच्या कडेला खुर्चीवर बसले होते. मी पानं वाटत होतो. व्याह्यांनी सहज विचारलं, की सुरतला तुमचं नक्की काम काय असतं. मला वाटलं, आबा नेहमीचं ‘कापडाच्या कंपनीत’ म्हणतील.

आबांनी मांडवात नजर फिरवली. तिथे आमच्या गावच्या, त्यांच्या गावच्या, शेजारपाजारच्या बाया पंगत आवरत होत्या आणि निम्म्या जणींच्या अंगावर सुरतच्याच साड्या होत्या. त्यांनी हात लांब करून दाखवलं. “ती मोरपंखी दिसस ना, तिना पल्याडनी डाळिंबी, आनि ती भांडा उचली राहिनी तिनी गर्द निळी. त्या शेड मन्हा मशीनवर निघतस.”

व्याही वळून बघायला लागले. आबा उठले, त्यांना हाताला धरून उठवलं, आणि दोघं मांडवभर हिंडत राहिले. आबा एकेका साडीकडे बोट दाखवत कोणता रंग पटकन चढतो, कोणता दमवतो, ते सांगत होते, मोठ्यानं, अगदी पोपट म्हणणाऱ्या त्या पंगतीतल्या जुन्या माणसांनाही ऐकू जाईल अशा आवाजात.